एकटे ग्रह आणि भावंडांतले ग्रह: तुलना करण्याआधी काय तपासायचं?



एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेले किंवा नेट, गेट, जेस्टच्या तयारीला लागलेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "रिसर्चमध्ये रोज नक्की करतात काय?" त्याचं मोघम उत्तर देण्यापेक्षा आज आपण एक खरा संशोधन-प्रश्न घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडवत जाऊ. प्रश्न ऐकायला अगदी सोपा आहे. ज्या ताऱ्याभोवती एकच ग्रह सापडलाय, तो ग्रह आकाराने मोठा असतो की ज्या ताऱ्याभोवती तीन-चार ग्रह सापडलेत त्यांच्यातला?

मराठीत 'आकार' म्हटलं की घडणही आली आणि मोठेपणही आलं. इथे मला फक्त मोठेपण, म्हणजे ग्रहाची त्रिज्या म्हणायचीय. सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना आपण बाह्यग्रह म्हणू. एकच ग्रह दिसलेल्या ताऱ्याला 'एकग्रही' आणि एकापेक्षा जास्त दिसलेल्याला 'बहुग्रही' म्हणू. मधला 'दिसलेला' हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच एका शब्दावर उभा आहे.

ग्रहाचा आकार मोजतात कसा?

८ जून २००४ ला शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकताना भारतातून दिसला होता. त्याला शुक्राचं अधिक्रमण म्हणतात. दूरच्या ताऱ्याच्या बाबतीत बिंब दिसत नाही, पण ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. किती कमी होतो, हे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतं. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर उजेड साधारण १ टक्का घटतो. पृथ्वीएवढा गेला तर दहा लाखांत फक्त ८४ भाग.

एक हिशोब करून बघा. समजा उजेड ०.०००४ ने घटला. वर्गमूळ ०.०२. म्हणजे ग्रह ताऱ्याच्या दोन टक्के रुंद. तारा सूर्याएवढा असेल तर त्याची त्रिज्या पृथ्वीच्या १०९ पट, म्हणून ग्रह पृथ्वीच्या २.१८ पट. पण तारा खरंतर सूर्याच्या ०.८ पटच असेल तर? मग तोच ग्रह १.७४ पट होतो. ग्रहाचा आकार आपण कधीच थेट मोजत नाही. मोजतो ते गुणोत्तर, आणि ताऱ्याच्या त्रिज्येत जेवढी चूक, तेवढीच टक्केवारीची चूक ग्रहाच्या त्रिज्येत उतरते. हे २.१८ आणि १.७४ लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अधिक्रमण दिसलं नाही तर त्रिज्या हाती लागत नाही. उदाहरण आपल्या देशाशी नातं असलेलंच घ्या. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेच्या उपक्रमातून एचडी ८६०८१ या ताऱ्याला 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' हे नाव मिळालं. बिभा हे नाव बिभा चौधुरी यांच्यावरून ठेवलंय. त्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये काम केलेल्या कणभौतिकी संशोधक. संतमस सव्वादोन दिवसांच्या आत आपल्या ताऱ्याला एक फेरी मारतो. पण तो सापडला ताऱ्याच्या डोलण्यावरून, त्यामुळे त्याच्या वस्तुमानाचा अंदाज आहे, त्रिज्या मोजलेली नाही. आपल्या आजच्या तुलनेत तो बसत नाही.

याउलट के२-२३६बी बघा. त्याचं अधिक्रमण दुर्बिणीने टिपलं होतं, आणि २०१८ मध्ये अहमदाबादच्या पीआरएलच्या गटाने माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवरच्या 'पारस' या वर्णपटमापकाने त्याचं वस्तुमान काढलं. पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमान, सुमारे ६ पट त्रिज्या, साडेएकोणीस दिवसांचं वर्ष. हा तुलनेत बसतो. म्हणजे पहिली चाळणी इथेच लागली: ज्यांची त्रिज्या माहीत आहे तेच आत.

पहिला निकाल: २०११

नासाची केप्लर दुर्बीण मार्च २००९ मध्ये अवकाशात गेली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेला तोंड करून तिने सुमारे दीड लाख ताऱ्यांकडे चार वर्षं टक लावून पाहिलं. पहिल्या चार महिन्यांच्या डेटावर डेव्हिड लॅथम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आपलाच प्रश्न विचारला. त्यांच्याकडे ८२७ एकग्रही तारे होते आणि १७० बहुग्रही. त्या १७० ताऱ्यांभोवती मिळून ४०८ संभाव्य ग्रह. म्हणजे ताऱ्यांत बहुग्रही फक्त १७ टक्के, पण ग्रहांत त्यांचा वाटा एक तृतीयांश.

निकाल असा: नेपच्यूनपेक्षा लहान ग्रहांचं प्रमाण एकग्रहींमध्ये ६९ टक्के, बहुग्रहींमध्ये ८६ टक्के. दोन्हीकडे लहानांचीच गर्दी, पण मोठे ग्रह एकट्यांमध्ये जास्त. त्यांनी कारण सुचवलं की ताऱ्याला चिकटून फिरणारा मोठा ग्रह लहान ग्रहांच्या कक्षा विस्कटून टाकत असावा, किंवा अशी लहान भावंडं तयारच होऊ देत नसावा.

आता इथे थांबून स्वतःला विचारा. तुम्ही हा पेपर जर्नल क्लबमध्ये सांगताय. ६९ आणि ८६ मधला फरक ग्रहांमुळे आलाय की आपल्या बघण्याच्या पद्धतीमुळे? हे वेगळं कसं करणार? रिसर्चमधला मोठा वेळ याच कामात जातो.

शंका पहिली: एकटा खरंच एकटा आहे का?

आमच्या चांदवडकडे येताना रस्त्यावरून सातमाळेचे डोंगर दिसतात. एका जागेवरून दोन सुळके एकामागे एक येतात आणि डोंगर एकच वाटतो. थोडं पुढे गेलं की दोन दिसतात. डोंगर तेवढेच आहेत, उभं राहायची जागा बदलली. ग्रहांचंही तसंच, फक्त आपल्याला जागा बदलता येत नाही.

अधिक्रमण दिसायला ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत यावी लागते. ताट डोळ्यांच्या पातळीला आडवं धरलं की कड दिसते ना, तसं. हे जुळून येण्याची शक्यता म्हणजे साधारण ताऱ्याची त्रिज्या भागिले ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती १० दिवसांत फिरणाऱ्या ग्रहासाठी ती ५.१ टक्के येते, ३० दिवसांच्या ग्रहासाठी २.५ टक्के.

आता कागद-पेन घ्या. समजा सूर्यासारखे १०,००० तारे आहेत आणि प्रत्येकाभोवती बरोब्बर दोन ग्रह आहेत, एक १० दिवसांचा, एक ३० दिवसांचा. एकही तारा एकग्रही नाही. दोन्ही कक्षा अगदी एका पातळीत असतील तर आतला ग्रह ५१० ताऱ्यांभोवती दिसेल. त्यातल्या २५० ठिकाणी बाहेरचाही दिसेल. उरलेले २६० तारे आपल्या यादीत 'एकग्रही' म्हणून जातील. म्हणजे अर्ध्याहून जास्त तारे एकग्रही ठरले, आणि खरा एकग्रही तर एकही नव्हता!

आता कक्षा एकमेकींशी काहीही संबंध नसल्यासारख्या तिरक्या आहेत असं धरा. मग आतला दिसणाऱ्या ५१० पैकी फक्त १२-१३ ठिकाणी दुसरा दिसेल. बाकी सगळे एकग्रही. तेच ग्रह, तेवढेच ग्रह, फक्त कल बदलला आणि यादी पार बदलली.

आपली सूर्यमाला बाहेरून बघितली तरी हेच होतं. वेल्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गणित केलं. आकाशातल्या कुठल्याही दिशेला बसलेल्या निरीक्षकाला आपल्या आठपैकी किमान एक ग्रह अधिक्रमण करताना दिसण्याची शक्यता साधारण चाळीसात एक. दोन दिसण्याची त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. आणि तीनपेक्षा जास्त ग्रह कुठूनच दिसत नाहीत. म्हणजे तिकडच्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्याच्या तक्त्यात आपला सूर्य बहुधा एकग्रही म्हणूनच नोंदला गेला असता.

प्रत्यक्ष उदाहरणही आहे. केप्लर-१९ भोवती ९.३ दिवसांचा एकच ग्रह दिसत होता. पण त्याची अधिक्रमणं घड्याळाप्रमाणे होत नव्हती, कधी पाच मिनिटं आधी, कधी पाच मिनिटं उशिरा. कुणीतरी त्याला ओढत होतं. त्यावरून २०११ मध्ये दुसऱ्या, न दिसणाऱ्या ग्रहाचा पत्ता लागला. एका दिवसात एकग्रही तारा बहुग्रही झाला.

आता मघाच्या १०,००० ताऱ्यांकडे परत या, कारण त्यात आणखी एक खोच आहे. पहिल्या प्रकारात जे २६० 'एकटे' ग्रह मिळाले, ते सगळेच्या सगळे १० दिवसांचे, म्हणजे आतले आहेत. बहुग्रहींमध्ये मात्र अर्धे आतले आणि अर्धे बाहेरचे. समजा बाहेरचे ग्रह मुळातच थोडे मोठे असतात. मग दोन गटांची सरासरी त्रिज्या वेगळी येणारच, आणि ती फक्त भूमितीमुळे! म्हणून नियम: आकाराची तुलना करताना परिभ्रमणकाळ जुळवून घ्यायचा. १० दिवसांच्या ग्रहाची तुलना साधारण १० दिवसांच्या ग्रहाशीच.

शंका दुसरी: चाळणी दोन्हीकडे एकच होती का?

नाशिक जिल्ह्यात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ कांद्याची प्रतवारी करताना मोठा माल वेगळा आणि गोल्टी वेगळी काढतात. आता एका शेतकऱ्याने गोल्टी काढून ढीग लावला आणि दुसऱ्याने सगळा माल तसाच ओतला, तर दोन ढिगांची सरासरी बघून "पहिल्याचं बियाणं चांगलं" असं म्हणता येईल का? नाही. आधी विचारायचं, कुणी काय काढून टाकलंय.

ग्रहांची चाळणी म्हणजे दुर्बिणीची संवेदनशीलता. तारा शांत आणि तेजस्वी असेल तर छोटीशी घटही दिसते. तारा चंचल किंवा मंद असेल तर लहान ग्रह गोंगाटात बुडतात आणि फक्त मोठे वर उरतात. शिवाय १० दिवसांचा ग्रह चार वर्षांत सुमारे १४६ वेळा समोरून जातो, तर ३०० दिवसांचा चार-पाच वेळाच. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त खात्री.

याचा परिणाम आपल्या दोन गटांवर वेगवेगळा होतो. ज्या ताऱ्याभोवती तीन लहान ग्रह सापडलेत, तो तारा नक्कीच 'चांगला' तारा आहे, नाहीतर ते सापडलेच नसते. गोंगाटी ताऱ्याभोवती तीन लहान आणि एक मोठा ग्रह असेल तर फक्त मोठा दिसेल, आणि तो 'एकटा मोठा' म्हणून यादीत जाईल. यातून लहान ग्रह बहुग्रहींकडे आणि मोठे एकग्रहींकडे आपोआप सरकतात. आपल्याला हवा होता तोच निकाल, फुकटात आणि खोटा.

शंका तिसरी: ग्रह की तोतया?

दोन तारे एकमेकांभोवती फिरत एकमेकांना झाकत असतील आणि आपल्या ताऱ्याच्या मागे दूर कुठेतरी असतील, तर त्यांचं ग्रहण आपल्याला ग्रहाच्या अधिक्रमणासारखं दिसू शकतं. एका ताऱ्याच्या जागी असा एक तोतया असणं शक्य आहे. दोन तोतये एकाच जागी असणं फारच अवघड. त्यामुळे बहुग्रही यादी आपोआप स्वच्छ राहते. याच तर्काच्या आधारावर फेब्रुवारी २०१४ मध्ये केप्लरच्या गटाने ३०५ ताऱ्यांभोवतीचे तब्बल ७१५ ग्रह एकदम पक्के म्हणून जाहीर केले.

एकग्रही यादीला हे संरक्षण नाही. त्यातही मोठ्या ग्रहांची नक्कल करणं जोडताऱ्यांना सोपं जातं, कारण एखादा लहान तारा गुरूएवढाच रुंद असू शकतो. सांतेर्न आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केप्लरच्या महाकाय ग्रहांच्या उमेदवारांचा ताऱ्यांच्या डोलण्यावरून पाठपुरावा केला, तेव्हा ४०० दिवसांच्या आतल्या उमेदवारांत निम्म्याहून जास्त खोटे निघाले. म्हणजे 'एकटे मोठे' या खान्यात किती खरे ग्रह उरतात, हे आधी मोजायला हवं.

शंका चौथी: तारेच वेगळे असतील तर?

इथे आपल्या मुंबईतलं काम उपयोगी पडतं. टीआयएफआरच्या मयंक नारंग, पी. मनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केप्लरच्या शेवटच्या मोठ्या यादीतले २८०० हून जास्त उमेदवार घेतले आणि त्यांच्या आकाराची ताऱ्यांच्या धातुतेशी सांगड घातली. (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यांना धातूच म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा!) ग्रहाची त्रिज्या वाढत जाते तशी त्याच्या ताऱ्याची सरासरी धातुताही वाढत जाते, हे त्यांनी मोठ्या सॅम्पलवर आणि सुधारलेल्या त्रिज्यांवर पुन्हा दाखवून दिलं.

आपल्या प्रश्नासाठी याचा अर्थ काय? समजा तुमच्या एकग्रही गटात योगायोगाने धातूसमृद्ध तारे जास्त आले. तिथे मोठे ग्रहही जास्त येतील. तुम्ही म्हणाल एकटेपणामुळे ग्रह मोठा झाला, आणि खरं कारण असेल ताऱ्याची रसद. संख्याशास्त्रात अशा तिसऱ्या, लपलेल्या घटकाला गोंधळकारक चल म्हणतात. तो सापडेपर्यंत कार्यकारणाबद्दल बोलायचं नाही.

मग चारही शंका मिटवल्यावर काय उरलं?

मोठी अडचण ताऱ्यांच्या त्रिज्येची होती. 'कॅलिफोर्निया-केप्लर सर्व्हे' या प्रकल्पाने हवाईतल्या केक दुर्बिणीने १३०५ ताऱ्यांचे वर्णपट घेतले आणि त्यांच्या त्रिज्या नेमक्या केल्या. लगेच एक लपलेली गोष्ट वर आली. २०१७ मध्ये बेंजामिन फुल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पृथ्वीच्या १.५ ते २ पट त्रिज्येचे ग्रह चक्क कमी आहेत. त्याच्या अलीकडे एक ढीग, पलीकडे एक ढीग, मध्ये दरी. मघाचे २.१८ आणि १.७४ आठवा. ताऱ्याची त्रिज्या वीस टक्के चुकली की पलीकडच्या ढिगातला ग्रह दरीत येऊन पडतो. असे शेकडो ग्रह इकडेतिकडे सरकले की दरी बुजते. वर्षानुवर्षं ती दिसली नव्हती ती यामुळे.

२०१८ मध्ये लॉरेन वाइस आणि सहकाऱ्यांनी हाच डेटा, त्यात गाया उपग्रहाची ताऱ्यांची नवी अंतरं जोडून, एकग्रही विरुद्ध बहुग्रही या प्रश्नाला लावला. एकाच पद्धतीने मोजलेले तारे, एकसारख्या अटी. नेपच्यूनपेक्षा लहान ग्रहांपुरतं बोलायचं तर निकाल असा:

१. ताऱ्यांचं वस्तुमान, धातुता, फिरण्याचा वेग, यात दोन गटांत फरक सांगता येत नाही.

२. तीन दिवसांपेक्षा जास्त काळाच्या ग्रहांच्या त्रिज्यांचं वाटपही सारखंच. इतकं सारखं की दोन्ही गटांत दरीसुद्धा एकाच जागी, पृथ्वीच्या सुमारे १.८ पटीवर.

३. फरक उरला तो तीन दिवसांच्या आतल्या ग्रहांत. तिथे एकटे जास्त सापडतात.

आता २०११ आणि २०१८ शेजारी ठेवा. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत. २०११ चा फरक मोठ्या ग्रहांमुळे होता, आणि ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारे महाकाय ग्रह बहुधा एकलकोंडे असतात हे पुढच्या कामातही टिकलं. २०१८ चा निकाल लहान ग्रहांबद्दल आहे, आणि तिथे फरक विरघळून गेला. 'सगळे ग्रह' असा एकच ढीग केला असता तर ही गोष्ट कळलीच नसती.

"महाकाय ग्रह एकटेच असतात" असं सरसकटही म्हणू नका. वॉस्प-४७ भोवतीचा चार दिवसांचा गुरूसारखा ग्रह २०१२ मध्ये सापडला आणि तीन वर्षं एकटा मानला गेला. २०१५ मध्ये केप्लरने पुन्हा बघितलं तर त्याच्या आत एक आणि बाहेर एक, अशी दोन लहान भावंडं निघाली. आणि केप्लर-९० च्या आठ ग्रहांत महाकाय आहेत, पण ते बाहेरच्या बाजूला.

सारखा आकार, वेगळी कक्षा

आकार सारखे निघाले म्हणजे विषय संपला असं वाटेल. उलट इथेच तो रंगतो. २०१६ मध्ये शी आणि सहकाऱ्यांनी दोन गटांच्या कक्षा किती लांबट आहेत ते बघितलं. बहुग्रहींची सरासरी विकेंद्रता ०.०४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ गोल. एकग्रहींची सुमारे ०.३.

त्रिज्येची दरी ग्रहाच्या बालपणी, पहिल्या १० कोटी वर्षांत, ताऱ्याच्या प्रखर किरणांनी वातावरण उडून गेल्यामुळे पडली असावी असं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. दरी दोन्ही गटांत एकाच जागी आहे, म्हणजे दोघांचं बालपण ताऱ्याजवळ आणि सारखंच गेलं. कक्षा वेगळ्या आहेत, म्हणजे पुढे काहीतरी घडलं. एकाच आईची लेकरं, पण एका घरात नंतर भांडण झालं, असं काहीसं. वाइस यांनीही हीच शक्यता मांडली: आजचे बरेचसे एकटे ग्रह मूळच्या भरल्या घरातले असावेत, आणि ग्रहांच्या आपसातल्या ओढाताणीत कुणी बाहेर फेकलं गेलं, कुणाची कक्षा तिरकी होऊन ते आपल्या नजरेआड झालं.

भावंडं मोजताना एक सावधगिरी

वाइस यांच्याच २०१८ मधल्या दुसऱ्या पेपरात ३५५ बहुग्रही ताऱ्यांभोवतीचे ९०९ ग्रह आहेत. त्यात दिसलं की शेजारचे ग्रह आकाराने एकमेकांसारखे असतात, शेंगेतल्या वाटाण्यांसारखे. आणि ६५ टक्के जोड्यांत बाहेरचा ग्रह आतल्यापेक्षा मोठा. (आपण मघाशी 'समजा' म्हणून धरलेली गोष्ट ती हीच.) २०२० मध्ये वेई झू यांनी आक्षेप घेतला की हे साम्य चाळणीमुळेही दिसू शकतं. त्याच वर्षी वाइस आणि पेटिगुरा यांनी उत्तर दिलं. असे वाद जरूर वाचा. पाठ्यपुस्तकात फक्त निकाल असतो, तो कसा टिकला हे वादात दिसतं.

तुमच्या कामासाठी यातला धडा असा: ९०९ ग्रह म्हणजे ९०९ स्वतंत्र नोंदी नाहीत. एका शेंगेतले पाच वाटाणे मोजून "मी पाच शेंगा तपासल्या" असं म्हणता येत नाही. कोल्मोगोरोव-स्मिर्नोव्हसारखी चाचणी प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून चालते. तिच्यात सगळे ९०९ ग्रह तसेच ओतले तर खात्री उगाच फुगते.

आता तुमची पाळी

या विषयाची सगळ्यात चांगली गोष्ट सांगतो. यातला बहुतेक डेटा नासाच्या एक्सोप्लॅनेट अर्काइव्हवर फुकट आहे. दुर्बीण नको, मोठं कॉलेज नको, पुण्या-मुंबईत राहायलाही नको. साधा लॅपटॉप आणि थोडं पायथन पुरतं. चांदवड, मनमाड, मालेगावच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही प्रोजेक्ट म्हणून हे करता येईल. असं करा:

१. केप्लरची यादी उतरवून घ्या. खोटे ठरलेले उमेदवार आधी काढा.

२. प्रत्येक ताऱ्याभोवती किती ग्रह आहेत ते मोजून दोन गट करा. गटांना 'एकग्रही' असं नाव न देता 'एक दिसलेला' असं द्या. विनोद नाही, याने विचार सरळ राहतो.

३. त्रिज्या चार पृथ्वीपर्यंतच्या आणि त्यापुढच्या, अशी दोन वेगळी गणितं करा.

४. परिभ्रमणकाळ जुळवा. तीन दिवसांच्या आतले वेगळे ठेवा.

५. प्रत्येक बहुग्रही ताऱ्यामधून कुठलाही एकच ग्रह चिठ्ठी काढल्यासारखा निवडा आणि एकट्यांशी तुलना करा. हे हजार वेळा करा. निकाल किती हलतो ते बघा.

६. शेवटी ताऱ्यांची तुलना करा: वस्तुमान, धातुता, गोंगाट. तारेच वेगळे निघाले तर ग्रहांबद्दल बोलण्याआधी मागे जा.

पायऱ्या ३ ते ६ न करता आलेला निकाल आणि त्या केल्यानंतरचा निकाल शेजारी ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे या लेखातल्या शंकांची किंमत, आकड्यांत. व्हायव्हाला कुणी विचारलं की "तुमचं योगदान काय?", तर हाच तक्ता पुढे करा.

आणि गट कुठलेही असोत, बाह्यग्रह असोत, रुग्ण असोत किंवा गावातल्या शाळा, सरासरी काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या: यातली प्रत्येक नोंद या गटात आली कशी, आणि जी आली नाही ती कुठे अडकली? हा प्रश्न न विचारता मिळालेल्या उत्तरावर पीएच.डी.ची दोन-तीन वर्षं सहज निघून जातात.

तयारीला शुभेच्छा!